आवाजाच्या आधी बघा

2024 च्या जानेवारीत बातमी आली की भारतीय हवाई दल मुंबईत मरीन ड्राइव्हवर विमानांच्या कसरती दाखवणार आहे. 12, 13 आणि 14 जानेवारी असे तीन दिवस, दुपारी बारा ते एक. समुद्राच्या काठावर जाऊन उभे राहायचे आणि वर बघायचे. आमच्या घरात ही बातमी लेकीने आणली. ती तेव्हा नववीत होती. कराडला तिचा मामेभाऊ लग्नसमारंभाचे फोटो काढतो. त्याचा जुना कॅमेरा सुट्टीपासून तिच्याकडेच होता आणि घारी, कबुतरे, गच्चीवरची मांजरे यांचे फोटो काढून तिचे मन भरत नव्हते.

दिवस ठरवायला वेळ लागला नाही. 12 तारखेला शुक्रवार, जुम्याची वेळ. 13 ला शनिवार, सकाळची शाळा, म्हणजे माझीही आणि तिचीही. राहिला रविवार, 14 तारीख. मिरजेहून शनिवारी रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघायचे, रविवारी रात्री त्याच गाडीने परतायचे आणि सोमवारी शाळेत हजर राहायचे. हे, मी आणि लेक, असे तिघे जायचे ठरले.

तेवढ्यात कराडहून अम्माचा फोन आला. बातमी तिच्यापर्यंत पोहोचलीच होती. म्हणाली, “मलाही ने. मी एकदाही पाहिले नाही.”

मी क्षणभर गप्प झाले. माझे माहेर कराड. कराडला विमानतळ आहे असे सांगितले तर बाहेरगावच्या लोकांना खरे वाटत नाही. कोयना धरणाच्या कामाच्या सोयीसाठी 1950 च्या दशकात तिथे धावपट्टी बांधली गेली. माझ्या लहानपणी तिथे कधीमधी एखादे छोटे विमान उतरायचे. अब्बांचे सायकल दुरुस्तीचे दुकान होते. विमान आल्याचे कळले की ते दुकान तसेच सोडून मला पुढच्या दांडीवर आणि भावाला कॅरिअरवर बसवायचे आणि थेट कुंपणापर्यंत न्यायचे. अम्मा घरी राहायची. सायकलवर चौथ्या माणसाला जागा नव्हती. अब्बा प्रत्येक वेळी म्हणायचे, “पुढच्या खेपेला तुला.” ती पुढची खेप आलीच नाही. अब्बांना जाऊन आता बरीच वर्षे झाली.

म्हणून तिकिटे चार काढली. तत्काळमध्ये मिळाली, ही अल्लाहची मेहेरबानी.

सावलीचा नियम

लेकीला मी आधीच सांगितले होते की मुंबईला पोहोचल्यावर जागा शोधायची नाही. जागा इथूनच ठरवून निघायची. तीन किलोमीटरहून लांब किनारा, लाखो माणसे आणि सोबत वय झालेली नानी. तिथे गेल्यावर इकडून तिकडे फिरता येणार नाही. मग कागद, पेन्सिल आणि नकाशा घेऊन आम्ही जेवणाच्या टेबलावर बसलो.

विमानाचा फोटो बिघडतो तो बहुतेक वेळा उन्हामुळे. विमान उंच असते, त्याच्यामागे उजळ आकाश असते. सूर्य आपल्या समोर असेल तर विमानाची आपल्याकडची बाजू काळी पडते. लाल-पांढऱ्या रंगाचे सुंदर विमान फोटोत कावळ्यासारखे दिसते. सूर्य पाठीशी असेल तर रंग, खिडकी, शेपटीवरचे चिन्ह, सगळे स्पष्ट येते. तेव्हा पहिला प्रश्न असा की त्या दिवशी, त्या वेळेला सूर्य कुठे असेल?

याचे उत्तर आमच्या भिंतीवरच लटकत होते. नमाजच्या वेळांचा तक्ता. जानेवारीच्या मध्याला मिरजेत जवालची वेळ 12 वाजून 40 मिनिटांच्या आसपास येते. मुंबई आपल्या पश्चिमेला असल्याने तिथे सूर्य सुमारे सात मिनिटे उशिरा माथ्यावर येतो, म्हणजे पावणेएकच्या सुमारास. कसरती बारा ते एक. याचा अर्थ संपूर्ण तासभर सूर्य जवळजवळ नेमका दक्षिणेला असणार. आणि हिवाळा असल्यामुळे तो डोक्यावर नसणार. क्षितिजापासून साधारण पन्नास अंश वर असणार. हात समोर ताणून मूठ धरली की तिची रुंदी साधारण दहा अंश भरते. एकावर एक पाच मुठी मोजल्या की सूर्याची उंची मिळाली. लेकीने अंगणात जाऊन लगेच मोजून पाहिले.

आता नकाशा. मरीन ड्राइव्हवर चर्चगेटच्या समोर समुद्राकडे तोंड करून उभे राहिले की तोंड पश्चिमेला होते. डाव्या हाताला, दक्षिणेकडे, नरिमन पॉइंटचे टोक. उजव्या हाताला किनारा वळत वळत गिरगाव चौपाटीकडे जातो आणि त्याच्या पुढे मलबार हिलचा डोंगर समुद्रात घुसलेला दिसतो. मधे वाटीसारखी खाडी. विमाने या वाटीवरून फिरणार.

चौपाटीवर उभे राहिलो तर खाडी दक्षिणेला, म्हणजे सूर्य थेट डोळ्यांत. मलबार हिलवरच्या कमला नेहरू पार्कमधून अख्खा मरीन ड्राइव्ह छान दिसतो, सहलीला जरूर जावे, पण त्या वेळी तिथूनही ऊन समोरूनच येणार. मधोमध, चर्चगेटजवळ, ऊन डाव्या बाजूने; अर्धे आकाश चांगले, अर्धे वाईट. आणि दक्षिण टोकाला, एनसीपीएच्या बाजूला उभे राहून तोंड वायव्येकडे केले तर खाडी समोर आणि सूर्य पाठीमागे.

शिवाय आकाशाचा निळा रंग सगळीकडे सारखा नसतो. सूर्यापासून काटकोनात असलेला भाग सर्वांत गडद निळा दिसतो. सूर्य दक्षिणेला पन्नास अंशांवर, तर गडद निळाई उत्तरेला चाळीस अंशांच्या आसपास. हिवाळ्यात मुंबईच्या हवेत धुरके असते, क्षितिजाजवळ आकाश पांढुरके दिसते. त्यामुळे जरा वर आणि उत्तरेकडे पाहणारी जागाच योग्य.

मुलांना हे सगळे लक्षात ठेवायला अवघड वाटेल. त्यांच्यासाठी मी एकच नियम केला. आपली सावली जिकडे पडते, तिकडे तोंड करून उभे राहायचे. सावली समोर असेल तर सूर्य पाठीशी आहे. बस्स.

मधली जागा की टोकाची

लेक मात्र मधल्या जागेवर अडून बसली होती. तिचे म्हणणे चुकीचे नव्हते. कसरतींची आखणी प्रेक्षकांच्या मध्यबिंदूला धरून केलेली असते. दोन विमाने समोरासमोरून येऊन एकमेकांना ओलांडतात, ती बरोबर त्या बिंदूसमोर. धुराने आकाशात बदाम काढतात, त्याचे तोंडही तिकडेच असते. मधे उभ्या असलेल्या माणसाला बदाम बदामासारखा दिसतो, टोकाला उभ्या असलेल्याला तो बाजूने दिसतो, म्हणजे वाकडा.

टोकाच्या जागेचा फायदा वेगळा. मधून विमान आडवे जाताना दिसते; येते कधी आणि जाते कधी, कळत नाही. टोकावरून ते लांबून आपल्याकडे येताना दिसते. हळूहळू मोठे होते. तयारीला वेळ मिळतो.

मी निर्णय तिच्यावर सोडला, पण एक गोष्ट सांगितली. नानीच्या उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे, डावा अधू आहे. समोरून ऊन आले की तिला दिवाणखान्यातली माणसे ओळखू येत नाहीत, आकाशातले विमान कुठून दिसणार?

लेक दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने नकाशावर दक्षिण टोकाला पेनने फुली मारली.

घारी, पवनचक्क्या आणि टेबलफॅन

त्या आठवड्यात सराव जोरात चालला. सकाळी मिरजेच्या कृष्णाघाटावर पाणकावळे आणि घारी. सांगलीला गेलो तेव्हा आयर्विन पुलावरून येणारी-जाणारी वाहने. हलणाऱ्या वस्तूचा फोटो काढताना कॅमेराही तिच्याबरोबर त्याच वेगाने फिरवावा लागतो, कमरेपासून वर अख्खे शरीर वळवून, आणि बटण दाबल्यावरही फिरवणे थांबवायचे नाही. पहिल्या दिवशी घारीऐवजी नुसते आकाश आले. चौथ्या दिवशी दहापैकी चारदा घार आली.

दुसरा धडा नाताळच्या सुट्टीत साताऱ्याला मिळाला होता. ठोसेघरचा रस्ता धरून आम्ही चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या पाहायला गेलो होतो. तिथे लेकीने काढलेल्या सगळ्या फोटोंत पाती अगदी स्थिर आली. वारा भणाणत होता, पाती गरगरत होती आणि फोटोत मात्र पवनचक्की बंद पडल्यासारखी! शटर फार वेगात उघडून मिटले होते.

हेलिकॉप्टरचेही असेच होते. ‘सारंग’ या चमूची ध्रुव हेलिकॉप्टरे आहेत. त्यांचा पंखा मिनिटाला तीनशेच्या आसपास फेऱ्या घेतो, म्हणजे सेकंदाला पाच. शटर सेकंदाच्या हजाराव्या भागापुरते उघडले, तर तेवढ्यात पाते दोन अंशही फिरत नाही. फोटोत हेलिकॉप्टर टांगून ठेवलेल्या खेळण्यासारखे दिसते. सेकंदाच्या 125 व्या भागापुरते उघडले तर पाते चौदा अंश फिरते आणि गती दिसते. उलट जेट विमानाला फिरणारे पाते बाहेर दिसतच नाही. तिथे सेकंदाचा हजारावा भाग किंवा त्याहून कमी हवा, नाहीतर विमान पुसट येते. हा हिशेब आम्ही घरच्या टेबलफॅनवर करून पाहिला. नववीच्या मुलीला अपूर्णांक इतक्या आवडीने सोडवताना मी प्रथमच पाहिले.

सफर आणि सकाळ

शनिवारी रात्री आम्ही मिरजेला गाडीत बसलो. कराडला मध्यरात्रीच्या आधी भावाने अम्माला डब्यात चढवून दिले. तिच्या हातात मेथीच्या चपात्या, उकडलेली अंडी आणि शेंगाच्या चटणीचा डबा होता, खांद्यावर शाल. बसल्या बसल्या म्हणाली, “त्यांची सायकल कधी एवढी लांब गेली नसती.” मग भिंतीला टेकून झोपली. सातारा कधी गेले, तिला कळले नाही.

सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरलो. हातपाय धुऊन, प्रतीक्षालयात नाश्ता करून टॅक्सीने निघालो. नऊच्या आधीच आम्ही मरीन ड्राइव्हच्या दक्षिण टोकाकडे होतो. घाई एवढ्यासाठी की नंतर कट्ट्यावर बसायला इंचभर जागा मिळत नाही. यांनी घरून घडीचे स्टूल आणले होते. बंदोबस्तावरच्या एका पोलिसांनी ते चालण्याच्या वाटेतून जरा बाजूला घ्यायला सांगितले आणि अम्माला पाहून स्वतःच विजेच्या खांबाजवळची जागा दाखवली. खांबाची सावली बारीक होती, पण टेकायला खांब मिळाला.

सावली पाहिली. सकाळी ती पश्चिमेकडे, समुद्राकडे पडत होती. जसजसे साडेदहा, अकरा वाजले तसतशी ती आखडत उजवीकडे सरकू लागली. लेक दर अर्ध्या तासाला फरशीवर खडूने खूण करत होती. शेजारी बसलेल्या कुटुंबातली दोन मुले येऊन विचारू लागली की हे काय चालले आहे. बारा वाजता सावली चौपाटीच्या दिशेला पडेल, असे तिने त्यांना ठामपणे सांगितले. बाराला दहा मिनिटे असताना ती मुले स्वतःच येऊन सावली पाहून गेली. सावली सांगितलेल्या दिशेला होती.

गर्दीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. काही तरुण मुले कट्ट्यापलीकडच्या सिमेंटच्या चौपायी ठोकळ्यांवर उतरत होती. तिथून फोटोत माणसे येत नाहीत, हे खरे. पण वर बघत पाय ठेवायची ती जागा नव्हे. ठोकळे शेवाळाने निसरडे असतात आणि मधल्या फटी खोल असतात. कोणताही फोटो एवढा मोलाचा नसतो.

तो एक तास

पहिला आवाज आला तेव्हा गर्दी एकदम उठून उभी राहिली. अम्माही खांबाला धरून उठली. आवाज जिकडून येत होता तिकडे तिने मान वळवली.

“जहाज किदर है गे?” तिने विचारले.

जहाज पुढे निघून गेले होते.

दुसऱ्या फेरीला तेच झाले. तिसऱ्या फेरीलाही तेच. लोक ओरडायचे, टाळ्या वाजवायचे; अम्मा आवाजाच्या दिशेला बघायची आणि तिथे रिकामे आकाश असायचे. तिने कुणाला काही म्हटले नाही. हळूच स्टुलावर बसली आणि मांडीवरची शाल सारखी करू लागली.

मी शिकवते, तरी हे माझ्या लक्षात आले नव्हते. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. विमान एक किलोमीटरवर असेल तर त्याचा आवाज आपल्यापर्यंत यायला तीन सेकंद लागतात. तेच विमान ताशी सहाशे किलोमीटरने जात असेल, तर त्या तीन सेकंदांत ते अर्धा किलोमीटर पुढे गेलेले असते. आपण आवाजाकडे पाहतो, म्हणजे विमान तीन सेकंदांपूर्वी जिथे होते तिकडे पाहतो. तरुण डोळा झटकन पुढे सरकून विमान पकडतो. अम्माचा डोळा पकडू शकत नव्हता. नजर अधू झाल्यापासून ती घरातही आवाजावरच चालते. दार वाजले, नळ आला, कुकरची शिटी झाली, सगळे तिला कानाने कळते. त्याच कानाने ती आकाशात विमान शोधत होती.

लेकीने हे माझ्या आधी ओळखले. तिने कॅमेरा गळ्यातून काढून यांच्या हातात दिला. नानीच्या मागे जाऊन उभी राहिली आणि तिचे दोन्ही खांदे धरले. म्हणाली, “नानी, कान बंद करा. आवाज ऐकूच नका. मी सांगते तिकडे बघा.”

आमच्या टोकाच्या जागेचा उपयोग तेव्हा झाला. मलबार हिलच्या अंगाने ‘सूर्यकिरण’ची विमाने येत होती. अजून आवाज नव्हता. लांबवर, निळ्या आकाशात, पाठीमागून ऊन घेतलेले लाल-पांढरे ठिपके. चर्चगेटसमोर असतो तर ती दिसेपर्यंत निघून गेली असती. इथून ती सात-आठ सेकंद आमच्याकडे येत राहिली.

“त्या उंच इमारतींच्या वर बघा. आता जरा डावीकडे. येताहेत. मोठी होताहेत.”

अम्मा एकदम ताठ झाली. तिने हात वर केला आणि बोटाने दाखवले. बोट अगदी बरोबर होते. तिचे बोट विमानांबरोबर सरकत गेले, डोक्यावरून थोडे पुढे गेले आणि मग आवाज आला, छातीत घुमणारा. अम्मा दचकली आणि हसली. मला म्हणाली, “आवाज मागून येतो!”

त्यानंतर लेक तिच्यामागून हललीच नाही. दोन विमाने समोरासमोरून आली आणि एकमेकांना ओलांडून गेली. हा फोटो काढण्यासाठी ती आठवडाभर घारींमागे धावली होती. तेव्हा तिचे दोन्ही हात नानीच्या खांद्यांवर होते. यांनी कॅमेरा उचलला खरा, पण त्यांनी काढलेल्या फोटोत समुद्र, एक छत्री आणि कुणाचा तरी हात आला आहे.

शेवटच्या काही फेऱ्यांच्या वेळी अम्मानेच तिला हाताने पुढे ढकलले. “जा, आता मला जमते.” मग तिने कॅमेरा घेतला.

एक वाजता आकाश पुन्हा रिकामे झाले. धुराचे पट्टे वाऱ्याने पसरत होते. अम्माने विचारले, किती वाजले? सांगितल्यावर म्हणाली, जोहरची वेळ झाली, चला.

मोजदाद

घरी आल्यावर फोटो मोजले. तीनशेपेक्षा जास्त. त्यातले ठेवण्याजोगे सतरा. हेलिकॉप्टरचे चार, त्यात पाते फिरताना दिसते. आकाशातला बदाम आला आहे, पण कुणीतरी कडेला दाबल्यासारखा वाकडा. मधल्या जागेवर उभे राहिलेल्या लोकांनी काढलेले सरळ बदाम नंतर सगळ्यांच्या मोबाईलवर फिरले. लेक ते बघायची आणि काही बोलायची नाही. एकदा मात्र म्हणाली, “ओलांडतानाचा फोटो राहिलाच.” राहिलाच. त्याची हळहळ तिला आहे आणि ती असू दे. मी तिला ‘त्यापेक्षा मोठे काही मिळाले’ असे समजावत बसले नाही. तिने आपली गोष्ट सोडली होती, सोडलेल्या गोष्टीची किंमत तिला माहीत असलेली बरी.

ज्यांना असा योग येईल त्यांच्यासाठी अनुभवातून चार गोष्टी सांगते. जागा घरूनच ठरवा. नकाशा आणि जवालची वेळ पुरेशी आहे. सकाळी किंवा संध्याकाळी कसरती असतील तर सूर्य पूर्वेला किंवा पश्चिमेला धरून हाच हिशेब करा. सरळ, नीटस आकृत्या हव्या असतील तर मध्य, उजेड आणि विमान येताना बघणे हवे असेल तर टोक. दोन्ही एकाच जागी क्वचितच मिळते. नुसता मोबाईल असेल तर विमान मोठे करायच्या फंदात पडू नका, चित्र फुटते. त्याऐवजी गर्दी, किनारा, इमारती आणि त्यांच्यावर लहानसे विमान असा फोटो घ्या, तो सुंदर येतो. तान्ही मुले असतील तर त्यांचे कान आवाजापासून नीट जपायला हवेत. जेटचा आवाज त्यांना सोसत नाही. आणि ड्रोन चुकूनही नेऊ नका. अशा ठिकाणी तो उडवणे गुन्हा तर आहेच, वर विमानांना धोका आहे.

आपल्या सातारा-सांगलीकरांना आणखी एक जागा रस्त्याने सरळ पडते. पुणे-बंगळूर महामार्ग धरून गेले की बंगळूरजवळ येलहंका हवाई तळ आहे. तिथे 1996 पासून साधारण दर दोन वर्षांनी ‘एरो इंडिया’ भरते. 2025 मध्ये ते 10 ते 14 फेब्रुवारीला झाले. तिथे तिकीट लागते. त्या दिवसांत तळाच्या आसपास 13 किलोमीटरपर्यंत मांसविक्री बंद ठेवली होती. आमच्या मोहल्ल्यात त्यावर वेगळीच चर्चा रंगली, पण कारण साधे आहे. उघड्यावर टाकलेल्या तुकड्यांवर घारी जमतात आणि घार विमानाच्या इंजिनात शिरली तर अनर्थ होतो. ज्या घारीवर लेक सराव करत होती तीच घार तिथे वैमानिकाला नको असते, हे ऐकून तिला फार मजा वाटली.

परवा मी कराडला गेले होते. सकाळी अम्मा अंगणात तांदूळ निवडत बसली होती. खूप उंचावरून विमानाचा आवाज आला. गल्लीतली मुले आवाजाकडे माना वळवून शोधू लागली, पण त्यांना काही दिसेना. अम्माने सूप खाली ठेवले. आवाजाकडे पाहिले नाही. त्याच्या बऱ्याच पुढे, पाण्याच्या टाकीच्या वर बोट दाखवून मुलांना म्हणाली, “इदर देखो. आवाज मागून येतो.”

विमान तिथेच होते.